कोरी फेरी

वावटळीची डागडुजी होणार अशी बातमी आली, तेव्हा उतार मंडळात सुतक पडल्यासारखं झालं.

वावटळ हा शिरवळजवळच्या मौजमळा उद्यानातला रोलर कोस्टर. महामार्गावरून जाताना उसाच्या फडांपलीकडे त्याची तांबडी कमान दिसायची आणि गाड्यांमधली लहान मुलं खिडकीला नाक लावायची. मंडळातली माणसं मात्र लहान नव्हती. कुणी बँकेत होतं, कुणाचा दातांचा दवाखाना होता, कुणी नातवंडांना शिकवणीला सोडून परस्पर यायचं. पुणे आणि सातारा मिळून शे-दीडशे जण, आणि सगळ्यांना वेड एकच. उंचावरून खाली पडायचं, उतरायचं आणि परत रांगेत उभं राहायचं.

त्यांची स्वतःची भाषा होती. पहिला मोठा उतार म्हणजे 'कडा'. टेकाडावरून जाताना शरीर आसनावरून सुटतं आणि आतडी वर येतात, तो 'पोटखड्डा'. कड्यावर गाडीचं नाक खाली झुकलं की दोन्ही हात वर करायचे, हा मंडळाचा एकुलता एक धर्म. जो समोरची दांडी धरेल तो 'दांडीकर', आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा आणून देण्याचं काम त्याचं.

'साखळी काढून चुंबकानं ओढणार म्हणे,' मंडळाच्या मोबाइलवरच्या गटावर पहिला निरोप आला. 'मग चढतानाची टकटक कुठून येणार? फोनवर लावायची?'

'हिरवा रंग देतायत. भाजीच्या गाडीवर बसायचं का आता?'

'आमचं लग्न वावटळीच्या रांगेत जमलं. आता ते धरायचं की नाही?'

त्याखाली त्याच्याच बायकोनं लिहिलं, 'डागडुजी झाल्यावर बघू.'

मंडळाचे सेक्रेटरी नंदू पटवेकर यांचं मत नेहमीप्रमाणे शेवटी आणि मोठं आलं. 'चाकं नायलॉनची बसवणार. हादरा नाही, आवाज नाही. म्हातारीला कवळी लावली म्हणून ती चावायला लागते का?'

गटावर असा धुरळा उडत होता, पण खरी वाट सगळे बघत होते ती सबनीस सरांची. उन्मेष सबनीस साताऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. वावटळ सुरू झाली त्या वर्षापासून तो बसत आला होता आणि प्रत्येक बदलावर तो लिहायचा त्या 'फेरीटिपणा'ला मंडळात कोर्टाच्या निकालाची किंमत होती. उद्यानाचे मालकही ते वाचायचे. एकदा त्यानं लिहिलं म्हणून ब्रेकची जागा बदलली होती.

उन्मेषनं एकच ओळ लिहिली. 'बसल्याशिवाय बोलू नये.'

मंडळाला ती फार आवडली. हर्षदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वयंपाकघरातून ती वाचली आणि म्हणाली, "छान लिहिलंस. बसायला मलाही बोलावलंय का?"

"तुझ्याशिवाय कसं? चहा कोण आणणार?" उन्मेष म्हणाला.

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. पोस्टातून निवृत्त झालेली, घरात पाल निघाली तर स्वतः झाडूनं बाहेर काढणारी हर्षदा वावटळीवर मात्र कायमची दांडीकर होती. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात उन्मेषच्या शर्टाची बाही. इतकी वर्षं येऊनही तिची भीती एका सुतानंही कमी झाली नव्हती. उन्मेष दर वेळी उतरताना म्हणायचा, "पुढच्या वेळी नाही वाटणार." आणि ती चहा आणायला जायची. मंडळात त्या चहाला 'वहिनींचा चहा' असंच नाव पडलं होतं.

फाल्गुनात काम पुरं झालं आणि मालकांनी मंडळाला पहिल्या फेरीसाठी बोलावलं. वावटळ खरोखरच हिरवी झाली होती. माणसं फलाटावर उभी राहून लग्नात नवरी पसंत नसलेल्या नातेवाइकांसारखी इकडेतिकडे बघत होती.

डागडुजीची प्रमुख होती ओवी भोईटे नावाची एक तिशीतली इंजिनिअर. हातात चहाचा कप, पायात चिखलाचे बूट. तिनं सगळ्यांना गोळा केलं.

"रंग, साखळी, चाकं यावर तुमचं बोलून झालंय, ते मी वाचलंय," ती म्हणाली. "भाजीची गाडी आम्हाला आवडली. पण खरा बदल वेगळाच आहे. सर, तुम्हाला स्वतःच्या हातानं गुदगुल्या होतात?"

"नाही," उन्मेष म्हणाला.

"सरांना दुसऱ्याच्या हातानंही होत नाहीत," नंदू म्हणाला. माणसं हसली.

"कुणालाच स्वतःच्या हातानं होत नाहीत. का? कारण मागच्या बाजूचा हा लहान मेंदू," तिनं स्वतःच्या मानेवर हात ठेवला, "आधीच अंदाज बांधतो. आता इथे बोट लागणार. मग जे खरं लागतं त्यातून तो अंदाज वजा करतो. हिशेब शून्य, म्हणून गुदगुली नाही. पडण्याचंही तसंच. कानाच्या आत तीन वळलेल्या नळ्या आणि बारीक खड्यांच्या दोन पिशव्या असतात, त्यांतलं पाणी आणि खडे हलले की आपण पडतोय हे कळतं. पहिल्यांदा बसता तेव्हा मेंदूकडे अंदाजच नसतो. सगळं पडणं अंगावर येतं. पन्नास वेळा बसलात की कडा येण्याआधीच तो मनातल्या मनात पडून मोकळा झालेला असतो. तुमच्या वाट्याला उरते ती हवा."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं हवा खायला येतो," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"साधारण तसंच, काका. आता डोकं टेकता तिथे, दोन्ही कानांमागे, दोन गाद्या आहेत. त्यांतून अगदी बारीक विजेचा प्रवाह तोलाच्या नसेला लागतो. मुंगी चालल्याइतकाही कळत नाही. पण तो असा अनियमित लुकलुकतो की लहान मेंदूचा अंदाज जुळतच नाही. वजाबाकी होत नाही. कितीही वेळा बसा, कोरी फेरी. पहिल्यांदाच बसल्यासारखी."

"भीती वाढवता म्हणजे," उन्मेष म्हणाला.

"नाही सर." ओवीनं मान हलवली. "आम्ही काही घालत नाही. फक्त तुमची सवय काढून घेतो. मग जे उरतं ते तुमचंच."

मालकांचा निरोपही तिनंच सांगितला. हे यंत्र मंडळाला पटलं तर राहील. नाही पटलं तर गाद्या काढून टाकू. लोक शेवटी मंडळाचं ऐकतात आणि मंडळ सरांचं.

पहिल्या डब्यातली पहिली जागा सरांची. हर्षदा शेजारी बसली, दांडी खाली आली, आणि तिनं सवयीनं त्याची बाही धरली. साखळी नव्हती, त्यामुळे टकटकही नव्हती. गाडी पाण्यावरून ओढल्यासारखी वर जाऊ लागली. मागून नंदूचा आवाज आला, "सर, कवळी बरी बसलीय." उन्मेष हसला. मनात टिपणाचं पहिलं वाक्य जुळत होतं. 'आवाज गेला तरी वावटळ मुकी झालेली नाही,' असं काहीतरी.

वर पोचल्यावर उसाचे फड दिसले, नीरेचा कालवा दिसला. गाडीचं नाक झुकलं. उन्मेषनं हात वर करायला घेतले.

आणि खाली काहीच नव्हतं.

हे त्याला नंतर कुणालाही नीट सांगता आलं नाही. तो पडत होता असं म्हणावं, तर पडणं त्याला माहीत होतं. हे ते नव्हतं. जमीन, डबा, आडनाव, सगळं एकदम त्याला सोडून निघालं होतं, आणि मरण ही गोष्ट वर्तमानपत्रात येते तशी नसून अशी, पोटाच्या आत, थंड असते, एवढंच उरलं होतं. त्याला काहीतरी धरायचं होतं. दांडी समोर होती. पण त्याचा उजवा हात कुणीतरी धरला होता. बाही नाही, या वेळी हात. हर्षदानं बोटांत बोटं घातली होती, घट्ट. तिला वाटलं असावं की त्यालाही आधार लागणार.

"सोड," तो ओरडला. "सोड मला."

त्यानं हात हिसडला. ती सोडेना, म्हणून दुसऱ्या हातानं तिची बोटं उचकटली आणि झटकून दिली. तिचा हात डब्याच्या कडेवर आपटला. मग त्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली, छातीशी घेतली, आणि फेरी संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

वाऱ्याच्या आवाजात मागच्या कुणाला ऐकू गेलं नाही. पहिल्या डब्यातलं मागून दिसतही नाही.

फलाटावर माणसं उतरली ती वेगवेगळ्या देशांतून आल्यासारखी. दातांचे डॉक्टर भिंतीला टेकून हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. वावटळीच्या रांगेत लग्न जमलेल्या दोघांनी एकमेकांना मिठी मारली होती. एक गृहस्थ रागानं कुणाशी न बोलता थेट गाडीकडे गेले. नंदूचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण त्याचं तोंड चालू होतं.

"सर, हात?" त्यानं विचारलं.

"वर," उन्मेष म्हणाला.

हा शब्द तोंडातून इतक्या सहज गेला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. हर्षदा शेजारीच उभी होती. डावा हात तिनं ओढणीत गुंडाळला होता.

ओवी छोट्या पडद्यावर काहीतरी बघत आली. "काकू, गंमत सांगू? प्रत्येकाच्या गादीला किती काम करावं लागलं ते इथे दिसतं. तुमच्या गादीनं काहीच केलेलं नाही. तिला वजाबाकी मोडायची होती, पण तुमचा मेंदू वजाबाकी करतच नाही. काही थोड्या लोकांचं असं असतं. अंदाज बसतच नाही. म्हणजे तुम्ही आजवर जितक्या वेळा बसलात, ती प्रत्येक फेरी तुमची पहिलीच होती."

हर्षदा तिच्याकडे बघत राहिली. "प्रत्येक?"

"प्रत्येक."

"म्हणजे वहिनी जन्मजात दांडीकर," नंदू म्हणाला. "डॉक्टरी पुरावाच आला."

सगळे हसले. फेरीनंतर माणसांना हसायला काहीतरी हवंच होतं. आणि उन्मेषही हसला. इतक्या वर्षांची सवय, या ठिकाणी तो नेहमी हसायचा. ओठ मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण कशाला हसलो ते.

"वहिनी, चहा राहिलाय मग," कुणीतरी म्हणालं.

हर्षदा गेली. दोन खेपांत, एका हातानं, सगळ्यांचा चहा घेऊन आली. उन्मेषनं आपला कप घेतला.

घरी जाताना मोटार चालकाशिवाय आपली आपण चालली होती. त्यामुळे दोघांच्याही हातांना काही काम नव्हतं. हर्षदाची करंगळी सुजून जांभळी पडली होती. उन्मेषला दोनदा वाटलं, विचारावं. पण विचारायचं म्हणजे काय झालं ते म्हणायचं. तो खंबाटकीच्या बोगद्याबद्दल काहीतरी बोलला. ती "हं" म्हणाली. साताऱ्यात शिरल्यावर तिनं गाडीला दवाखान्याकडे वळायला सांगितलं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "दारात सापडली." हाड मोडलं नव्हतं. पट्टी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष टिपण लिहायला बसला. त्याला वाटलं होतं की जमणार नाही. पण ते झरझर उतरलं, इतकं चांगलं त्यानं वर्षानुवर्षं लिहिलं नव्हतं. शीर्षक होतं 'खोटी भीती'. धैर्य ही कमावण्याची गोष्ट आहे, त्यानं लिहिलं. माणूस एकेका फेरीनं ते साठवतो. हे यंत्र चोरासारखं मागच्या दारानं शिरून ती कमाई लुटतं आणि तिथे विजेनं बनवलेली भीती ठेवून जातं. अशी भीती म्हणजे कृत्रिम रंग घातलेलं सरबत. वावटळीला रंग द्या, चाकं द्या, पण आमच्या डोक्यात हात घालू नका.

तासाभरात गट भरून गेला. 'सरांनी मनातलं लिहिलं.' 'मला नेमकं हेच वाटलं होतं, शब्द सापडत नव्हते.' 'माझी फेरी खराब झाली ती यंत्रामुळे, आता कळलं.' रागानं निघून गेलेल्या गृहस्थांनी दोनदा हात जोडले. फक्त दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'मला तर बऱ्याच वर्षांनी जिवंत असल्यासारखं वाटलं. असो.' त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. नंदूनं जाहीर केलं की रविवारी उद्यानाच्या उपाहारगृहात सभा घेऊन ठराव करायचा.

उन्मेष एकेक निरोप वाचत होता. कितीतरी जणांनी त्या दिवशी दांडी धरली असणार, हे त्याला ओळीओळीतून कळत होतं. त्यानं त्या सगळ्यांना लपायला जागा करून दिली होती, आणि सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात तो स्वतः बसला होता.

हर्षदानं टिपण दुपारी वाचलं. भांडी लावून झाल्यावर, चष्मा लावून, सावकाश. पट्टी बांधलेलं बोट तिनं बाजूला उभं धरलं होतं.

"खोटी भीती म्हणजे कुठली?" तिनं विचारलं.

"यंत्रानं निर्माण केलेली."

"पण ती मुलगी म्हणाली की यंत्र काही घालत नाही. सवय काढतं."

"ते तिचं म्हणणं."

"बरं." तिनं चष्मा काढला. "मग माझी कुठली? मला तर यंत्र लागलंच नाही."

उन्मेष पुन्हा फोनवरचे निरोप चाळू लागला. 

"ओवीचा फोन आला होता," हर्षदाच पुढे म्हणाली. "ते यंत्र उलटंही चालतं म्हणे. मेंदूला अंदाज बसत नसेल तर आधीच बारीकशी चुणूक द्यायची, म्हणजे वजाबाकी होते. घेरी येते म्हणून जिना उतरायला घाबरणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी तिला ते करून बघायचंय. मला म्हणाली, काकू, तुम्हाला एकदा शंभरावी फेरी देते. गाद्या निघायच्या आत या. मी रविवारी सभेआधी जाणार आहे."

"मी येऊ?"

"सभा तुझीच आहे," ती म्हणाली.

रविवारी सकाळी उद्यान अजून उघडलं नव्हतं. ओवीनं हर्षदाला पहिल्या डब्यात एकटीलाच बसवलं. उन्मेष खाली, वळणापाशी कठड्याला धरून उभा राहिला. तिथून त्यानं वावटळ कधी पाहिलीच नव्हती. तो कायम वर असायचा, आणि वर असताना समोर बघायचा. शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा त्या वेळी कसा होतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

गाडी वर गेली. नाक झुकलं. हर्षदानं हात वर केले. पट्टी बांधलेली करंगळीसुद्धा त्याला दिसली.  गाडी घोंघावत त्याच्या समोरून गेली तेव्हा हर्षदा मान वळवून उसाकडे बघत होती, बस थांब्यावर उभं असल्यासारखी.

ती उतरून आली. केस थोडे विस्कटले होते, एवढंच.

"झालं?" ओवीनं उत्सुकतेनं विचारलं. "कसं वाटलं, काकू?"

"वारा छान लागतो," हर्षदा म्हणाली. मग उन्मेषकडे वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच त्याला सहन होईना. ती खरंच विचारत होती.

"तुला एवढंच व्हायचं?"

"हो," तो म्हणाला. "बहुतेक."

"दर वेळी?"

"हो."

"मग हात वर करायला काय लागतं?" ती म्हणाली, आणि ओवीला सांगून तोंड धुवायला गेली.

सभेला उपाहारगृह भरलं होतं. नंदूनं काळा टी-शर्ट घातला होता. त्यानं ठराव वाचला, सरांच्या टिपणातली तीन वाक्यं त्यात जशीच्या तशी होती. ओवी दाराशी उभी होती, तिनं मंडळाशी वाद घालायचा नाही असं मालकांनी सांगितलं असावं. दातांच्या डॉक्टरांनी उठून एवढंच म्हटलं, "नंदू, त्या दिवशी खरंच कुणाकुणाचे हात वर होते? मी तर दांडी धरली. ठराव करायच्या आधी हे तरी सांगूया."

खुर्च्या कुरकुरल्या. "सरांचे होते," नंदू म्हणाला. "ज्याला यंत्र लागलं तरी हात वर राहिले, त्या माणसानं लिहिलंय हे, डॉक्टर. म्हणून तर त्याला वजन. आणि वहिनी साक्षीला आहेत. काय वहिनी, सरांचे हात वर होते ना?"

हर्षदा मधल्या रांगेत बसली होती. पट्टीचा हात मांडीवर होता.

"होते," ती म्हणाली.

उन्मेषला वाटलं, तिनं खरं सांगितलं असतं तर आपण रागावलो असतो, आणि रागावणं किती सोपं गेलं असतं. तिनं अगदी सहज, पोस्टाच्या खिडकीतून पावती द्यावी तसं ते दिलं होतं. असं तिनं आजवर आणखी काय काय दिलं असेल, हे त्याला तेव्हा मोजता येईना.

तो उठला. "नव्हते," तो म्हणाला.

"काय, सर?"

"हात. वर नव्हते. हर्षदानं माझा हात धरला होता. मला दांडी हवी होती. मी तिला 'सोड' म्हणालो, तिची बोटं उचकटली. ते बोट माझ्यामुळे दुखावलंय." आवाज त्याचाच होता, पण वर्गातला नव्हता. "यंत्रानं माझी सवय काढली आणि खाली हे निघालं. म्हणून मी ते टिपण लिहिलं. ते खोटं आहे. यंत्र राहू दे. ज्याला नको त्यानं गाद्या बंद ठेवून बसावं."

 एका टेबलावर कुणीतरी चमचा खाली ठेवला. उन्मेष वाट बघत होता. 'दांडीकर' म्हणतील, हसतील, निदान नंदू तरी काहीतरी बोलेल. तेच त्याला हवं होतं.

नंदू बोलला, पण हळू आवाजात. "बघितलंत? सरांसारख्या माणसाला या यंत्रानं काय करायला लावलं." त्यानं ओवीकडे बोट केलं. "चाळीस वर्षांचा संसार आहे त्यांचा. आज करंगळी आहे, उद्या काय होईल?"

"मी केलं ते, नंदू. यंत्रानं नाही," उन्मेष म्हणाला.

"तुमचा काही दोष नाही त्यात, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसा तुम्ही, सर. पाणी द्या रे सरांना."

माणसं खरोखर हेलावली होती. एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठराव मांडला गेला आणि हात वर झाले, भराभर, आनंदानं, कड्यावर होतात तसे. विरोधात दातांचे डॉक्टर होते आणि उन्मेष. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही की पाण्याचा पेला हातात घेताना, 'तुमचा दोष नाही' हे शब्द कानात असताना, क्षणभर त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्यानं स्वतः पाहिलं.

ओवीनं दारातच हर्षदाशी हात मिळवला, उजवा. गाद्या ती पुण्याच्या एका रुग्णालयाला देणार होती. तिथे जिन्याला घाबरणारी माणसं येतात, ती म्हणाली. मग ती पान्हे आणायला गेली.

उन्मेष बाहेर आला तेव्हा हर्षदा वळणाखालच्या बाकावर बसली होती. डोक्यावरून रिकामी गाडी चाचणीसाठी गेली, आवाज न करता. तो तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून.

"तू 'होते' का म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"चारचौघांत विचारलं त्यानं."

"बोट दुखतंय?"

"आज कमी आहे." विचारायला त्याला आठवडा लागला होता, त्याबद्दल ती काही म्हणाली नाही.

"मग इतकी वर्षं येत का राहिलीस? दर वेळी असं होत होतं तर."

हर्षदानं विचार केला. "तू म्हणायचास ना, पुढच्या वेळी नाही वाटणार. सगळ्यांचं कमी झालं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. आणखी एकदा बसले तर जमेल."

उन्मेष तिच्याकडे वळून बसला. मग त्यानं पहिल्या वर्षाच्या मुलासारखं चाचरत विचारलं.

"अगदी पहिल्यांदा बसलीस तेव्हा कसं वाटलं होतं?"

"तेव्हाचं आता आठवत नाही रे," ती म्हणाली. "त्या वेळी विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ती थांबली. "परवाचं आठवतं. तू 'सोड' म्हणालास तिथपासून खालपर्यंतचं. सगळं. ते सांगू?"

त्याला वाटलं, नको म्हणावं. वाटलं, आत्ताच उठून गाडी बोलवावी, ऊन वाढतंय म्हणावं.

"सांग," तो म्हणाला.